मास्तरांच्या बायकोची झोप

मास्तर घोरतात हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, कारण मास्तरच ते सगळ्यांना सांगत फिरायचे.

"आमच्याकडे चोर येत नाही," चहाच्या दुकानात बाकावर बसून ते म्हणायचे. "येतो, अगदी दारापर्यंत येतो. मग त्याला वाटतं, आत भलताच मोठा कुत्रा दिसतोय. परत जातो बिचारा." मंडळी हसली की ते पुढचा सोडायचे. "हिचं लग्न लागलं माझ्याशी, पण संसार केला जनरेटरशी."

बोलण्यात मास्तरांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांचा धंदाच तसा होता. ते गाडी शिकवायचे. स्टिअरिंगला घट्ट मिठी मारून बसलेल्या घामाघूम माणसांच्या शेजारी दिवसभर बसायचं, त्यांना हसवत हसवत चौकातून बाहेर काढायचं. मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असायचा. पहिल्या दिवशी ते नवख्याला सांगायचे, "तुमचा पाय चुकला तर माझा आहे. माझा चुकला तर मात्र दोघांनी डोळे मिटायचे." नवखा हसायचा, आणि हसला की त्याचा पाय क्लचवरून अलगद सुटायचा. अर्ध्या गावाला मास्तरांनी गाडी शिकवली होती.

त्यांची बायको बायकांचे कपडे शिवायची. वयाने मोठ्या असलेल्याही तिला ताई म्हणायच्या. ताई बोलायच्या कमी, आणि त्यांचं कटिंग असं होतं की बायका दूरदूरच्या वस्त्यांमधून कापड घेऊन यायच्या. पुढच्या खोलीत खिडकीखाली लांब टेबल. त्यावर कापड पसरायचं, तळहाताने एकदा सपाट करायचं, खडूने दोनचार रेघा ओढायच्या, की कात्री चालू. मध्ये थांबणं नाही, मागे येणं नाही. शिवायला दोन हाताखालच्या मुली होत्या, पण कात्री त्यांनी कधी कुणाच्या हातात दिली नाही. मास्तरांना त्यांचा अभिमान होता. तो ते बोलून दाखवायचे नाहीत, एवढंच. बोलायचा विषय ठरलेला होता, घोरण्याचा.

त्यांची लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि घरात एक खोली रिकामी झाली. त्यानंतर काही दिवसांनी ताईंनी जेवताना विषय काढला.

"अहो, मी म्हणत होते, मी त्या खोलीत झोपू का?"

"का? आपण भांडलोय का?"

"भांडायचं काय त्यात? मला रात्रीची नीट झोप लागत नाही."

"आणि उद्या पाहुणे आले, लेकच आली, तर काय सांगायचं? या वयात म्हातारा-म्हातारीने वेगळ्या चुली मांडल्या?"

ताई हसल्या नाहीत. ताटातल्या पावाचा तुकडा मोडत म्हणाल्या, "आणखी एक आहे. तुमचा श्वास मध्येच थांबतो. आवाज एकदम बंद होतो. मला भीती वाटते."

"थांबतो तसा सुरूही होतो ना? मग झालं तर!"

मास्तर त्या वेळी हसले खरे, पण वेगळ्या खोलीची गोष्ट त्यांच्या मनाला लागली होती. जन्मभर शेजारी झोपलेली बायको आता उठून दुसरीकडे जायचं म्हणते, म्हणजे आपण नकोसे झालो, असा त्यांनी अर्थ काढला. दोन दिवस ते घरात गप्प राहिले. बोलका माणूस गप्प बसला की घर कसं अंगावर येतं. तिसऱ्या दिवशी ताईच म्हणाल्या, "जाऊ द्या. मी सहज म्हटलं होतं." मास्तरांची कळी खुलली. संध्याकाळी चहाच्या दुकानात त्यांनी नवा विनोद सांगितला, "माझी गाडी रात्री मध्येच बंद पडते म्हणे. मग आमची ही धक्का मारते, तेव्हा कुठे स्टार्ट होते."

ताईंना झोप येत नाही, तर काहीतरी करायला हवं, हेही मास्तरांना कळत होतं. ते काही दगडाचे नव्हते. औषधांच्या दुकानात जाऊन त्यांनी चौकशी केली. दुकानदाराने फळीवरून एक हिरवी डबी काढली. वर पान, पानाच्या मागे अर्धा चंद्र.

"हे औषध नाही, सप्लिमेंट आहे," दुकानदार म्हणाला. "सगळं नैसर्गिक. चिठ्ठी लागत नाही, सवय लागत नाही."

मास्तरांनी ती डबी विजयी मुद्रेने ताईंच्या मशीनवर नेऊन ठेवली. "घे. झाडपाला आहे. आता रणगाडा गेला अंगावरून तरी कळायचं नाही."

गुण आला, हे खरं. पहिले काही महिने ताई सकाळी ताज्यातवान्या उठायच्या. मास्तरांना वाटलं, प्रश्न मिटला. दर महिन्याला नवी डबी आणायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. कुणी विचारलं तर सांगायचे, "बायकोची झोप माझ्याच खिशातून येते." अशी बरीच वर्षं गेली. हळूहळू डबी महिना पुरेनाशी झाली. आधी तीन आठवड्यांत संपू लागली, मग त्याहून लवकर. मास्तरांच्या ते लक्षात आलं होतं. गाडीत पेट्रोल जास्त लागायला लागलं तर ते बॉनेट उघडून बघायचे. इथे मात्र त्यांनी काही विचारलं नाही. दुकानातून येताना एकाऐवजी दोन डब्या आणायला लागले.

ताईंच्या सकाळी जड व्हायला लागल्या. दूध उतू जाऊन शेगडीवर करपायचं आणि त्या समोरच उभ्या असायच्या. सुईत दोरा ओवताना हात तसाच धरून बसायच्या. एकदा गिऱ्हाइकाचं माप घेतलं आणि टेप गळ्यात तसाच ठेवून विचारलं, "हं, छाती किती म्हणालात?" बाई म्हणाली, "ताई, मी काय म्हणणार? माप तुम्ही घेतलंत." ताई ओशाळल्या. वय झालं, म्हणाल्या. मास्तरही तेच म्हणाले.

मग त्या रेशमाचं झालं.

एका बाईने आपल्या वारलेल्या आईचा रेशमी झगा आणला होता. तो उसवून त्याचा तिला स्वतःसाठी अंगाबरोबरचा झगा करून हवा होता. कापड जुनं, मऊ, आणि नेमकं. पुन्हा कुठल्या दुकानात मिळण्यासारखं नव्हतं. बाहीला एक पुढची बाजू असते आणि एक मागची. पुढची जरा खोलगट कापतात. कापड दुमडून बेतलं की एक उजवी, एक डावी अशी जोडी आपोआप निघते. इथे कापड कमी म्हणून ताईंनी एकेक बाही सुटी कापली. एक कापली, तुकडा सरकवला, बाहीच्या मापाचा कागद पुन्हा तसाच ठेवला, न उलटता, आणि दुसरी कापली. दुपारी शिवणाऱ्या मुलीने दोन्ही हातांत घेऊन बघितल्या आणि टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या होत्या.

ती बाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "असू दे ताई, होतं असं." आणि रेशमाचे तुकडे पिशवीत भरून घेऊन गेली.

संध्याकाळी मास्तर चहाच्या दुकानात म्हणाले, "आमच्या हिने डिझाइन काढलंय नवीन. दोन डाव्या हातांच्या बायकांसाठी." दुकान हसलं. दुकानाच्या बाहेर, पाव घ्यायला आलेल्या ताई उभ्या होत्या. मास्तरांनी त्यांना पाहिलं. त्यांनी मास्तरांना पाहिलं. पाव न घेताच त्या वळून निघून गेल्या.

त्या आठवड्यात ताईंनी मुलींचा हिशेब करून त्यांना दुसरीकडे लावून दिलं आणि मशीनवर चादर टाकली. मास्तर म्हणाले, "बरं केलंस. किती राबायचं माणसाने?" आपण मनापासून बोलतोय असंच त्यांना वाटत होतं. तरी त्या चादरीकडे त्यांचं लक्ष गेलं की ते उगाच वर्तमानपत्र शोधायला लागायचे.

त्यांचं स्वतःचंही सगळं आलबेल नव्हतं. भर दुपारी त्यांचे डोळे मिटायचे. एकदा एक कॉलेजची मुलगी गाडी चालवत होती. तिने विचारलं, "सर, डावीकडे की सरळ?" उत्तर नाही. तिने पुन्हा विचारलं. मान वळवून बघते तर सर छातीवर हनुवटी टेकवून झोपलेले, आणि पुढे उतार. पोरीने स्वतःच ब्रेक दाबला आणि गाडी कडेला घेतली. मास्तर दचकून जागे झाले आणि म्हणाले, "शाबास! तुझी परीक्षाच घेत होतो." पोरगी हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती यायची बंद झाली.

पुढच्या थंडीत एके सकाळी ताई न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या. पडताना उजवा हात खाली टेकला आणि मनगट मोडलं. त्यांनी हाका मारल्या. मास्तर पलंगावर पाठीवर पडून घोरत होते. त्यांना ऐकू आलं नाही. ते उठले तेव्हा उन्हं खिडकीत आली होती आणि ताई ओल्या फरशीवर भिंतीला टेकून, हात मांडीवर धरून बसल्या होत्या. ओठ निळे पडले होते.

"कधीची बसलीयस?"

"फार वेळ नाही," ताई म्हणाल्या. फरशीवरचं पाणी मात्र सुकत आलं होतं.

दवाखान्यात हाताला प्लास्टर घातलं. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या पण घाईत नव्हत्या. त्यांनी विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?"

"रक्तदाबाची एक. बाकी काही नाही," ताई म्हणाल्या.

"ती झोपेची आहे, पण ते काही औषध नव्हे," मास्तर म्हणाले. "नैसर्गिक आहे."

"घेऊन या बघू. घरात जे असेल ते सगळं."

मास्तर घरी गेले आणि ताईंचा कप्पा उघडला. दोन हिरव्या डब्या होत्या, त्या त्यांनीच आणलेल्या. खाली मात्र सर्दीच्या गोळ्यांची पाकिटं होती, खूपशी, रिकामी आणि अर्धी. ताईंना सर्दी झालेली मास्तरांना आठवेना.

डॉक्टरीणबाईंनी सगळं टेबलावर मांडलं. "सर्दीच्या गोळ्या झोपेसाठी?"

ताईंनी मान हलवली. "या गोळ्यांनी गुंगी येते. नुसत्या डबीतल्या पुरेनाशा झाल्या."

"किती घ्यायचात रात्री?"

ताईंनी आकडा सांगितला. मास्तरांनी मान खाली घातली.

"हे बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झाडापासून आलं म्हणून ते निरुपद्रवी असतं असं नाही. विषही झाडापासूनच येतं. यावर नियम सैल असतात, त्यामुळे डबीवर लिहिलंय तेवढंच आत असेल याची खात्री नाही. कधी कमी निघतं, कधी कितीतरी जास्त. थोडे दिवस घेतलं तर बहुतेकांना काही होत नाही. पण वर्षानुवर्षं रोज घेतल्यावर काय होतं, हे मलाही ठामपणे सांगता येणार नाही, कारण तेवढा काळ कुणी नीट तपासलेलंच नाही. शिवाय ते तुमच्या रक्तदाबाच्या गोळीशी जमतं की नाही, कुणाला विचारलंत? आणि या सर्दीच्या गोळ्या रोज घेणं तर या वयात वाईटच. यांची गुंगी सकाळपर्यंत उतरत नाही. माणूस गोंधळतो, विसरतो, पडतो."

मास्तरांनी घसा खाकरला. "म्हणजे ही त्यामुळेच पडली?"

"त्यामुळेच, असं नाही म्हणता येणार. ओली फरशीही होती. पण हातभार लागला असेल." मग त्या ताईंकडे वळल्या. "मुळात झोप का येत नव्हती?"

ताईंनी मास्तरांकडे पाहिलं. क्षणभरच. आणि म्हणाल्या, "वयच झालं हो."

तोंड उघडायची हीच वेळ होती. गल्लीभर, चहाच्या दुकानात, लग्नाच्या मांडवात ज्या गोष्टीचा मास्तरांनी डांगोरा पिटला होता, ती एका डॉक्टरला सांगायची होती, बस्स. खिशातला रुमाल काढून त्यांनी उगाच चष्मा पुसला.

ताईंची धाकटी बहीण मदतीला म्हणून राहायला आली. सगळे तिला धाकटीच म्हणायचे, पन्नाशी उलटली तरी. ती ताईंना घेऊन लेकीच्या खोलीत झोपू लागली. मोडलेल्या हाताला धक्का लागू नये म्हणून, असं कारण होतं. या वेळी मास्तरांनी चुलीचा विषय काढला नाही. दोन रात्रींनंतर सकाळी धाकटी चहाचा कप त्यांच्यापुढे आपटून म्हणाली, "भाऊजी, तुमचं घोरणं मला माहीत होतं. तुम्हीच सांगता. पण तुम्ही मध्ये बंद पडता, हे माहीत नव्हतं."

"ते आपलं गमतीने..."

"गंमत कसली? मी दारात उभं राहून बघितलं. श्वासच नाही! मग एकदम बुडालेला माणूस वर आल्यासारखा मोठा घोट घेता हवेचा. पुन्हा तेच. ताई म्हणाली, रोजचंच आहे. ती इतकी वर्षं काय करत होती ठाऊक आहे? आवाज थांबला की जागी व्हायची आणि तो सुरू व्हायची वाट बघत पडायची. नाही झाला की ढोसायची. आवाजाने कुणाची झोप जाते हो, भाऊजी, कान बांधून झोपता येतं. तिची झोप तुमच्या गप्प होण्याने गेली."

मास्तरांनी कप खाली ठेवला.

"मग ती तुमची डबी," धाकटीचा आवाज खाली आला. "ती घ्यायला लागली आणि तिला झोप लागायला लागली. लागली, तर वर ही टोचणी, की आता यांना काही झालं तर आपल्याला कळणारही नाही. काल मला म्हणाली, मी माझ्या झोपेसाठी यांच्यावरची नजर काढली. हे तिला वाटतं, भाऊजी. तिला!"

त्या दिवशी मास्तरांनी शिकवणीच्या सगळ्यांना निरोप धाडले आणि गाडी झाकून ठेवली. तडक डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. घोरणं, थांबणं, ढोसणं, उतारावरची पोरगी. वेगळी खोली मागितली होती, तेही. ते सांगणं डॉक्टरसाठी गरजेचं नव्हतं, पण सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. कुणी म्हणावं तुमचाच दोष, किंवा म्हणावं तुमचा दोष नाही, एवढीच मास्तरांची अपेक्षा होती. बाई दोन्हीतलं काही म्हणाल्या नाहीत. तपासणीची चिठ्ठी लिहिली आणि म्हणाल्या, "तोवर गाडीत बसू नका. शिकवायला तर नाहीच."

तपासणीत निघालं की झोपेत त्यांचा घसा मिटतो आणि श्वास अडकतो, एका रात्रीत शेकडो वेळा. नाकावर बसवायचा मुखवटा, त्याला नळी आणि नळीमागे हवा ढकलणारं छोटं यंत्र, असा उपाय ठरला. पहिल्या रात्री मास्तर त्यात गुदमरले, दुसऱ्या रात्री काढून फेकलं, तिसऱ्या रात्री लाजले आणि पुन्हा लावलं. आठवड्याभरात सवय झाली. डोकं इतकं हलकं झालं की इतकी वर्षं आपण धुक्यात चालत होतो हे त्यांना कळलं. आणि ते कळलं तसं लगेच दुसरंही कळलं, की तसल्याच धुक्यात त्यांनी ताईंनाही ढकललं होतं.

चहाच्या दुकानात ते बऱ्याच दिवसांनी गेले. मंडळींनी जागा करून दिली. "काय मास्तर, जनरेटर काय म्हणतो?"

"बंद झाला. मशीन लावलंय." मास्तर म्हणाले. मग त्यांनी जरा दम घेतला. "त्यापायी हिची झोप गेली, कितीतरी वर्षं. गोळ्या खाऊन खाऊन ती पडली. मी आणून द्यायचो गोळ्या."

मंडळी हसली. मास्तर काही म्हणाले की हसायचं, ही त्यांना सवय होती. एकजण तर मांडीवर थाप मारून म्हणाला, "मास्तर म्हणजे मास्तर!" मास्तरांनी चहा अर्धा सोडला आणि उठले.

ताईंचं प्रकरण एवढं सोपं नव्हतं. घोरणं थांबलं की झोप येईल, असा मास्तरांचा भाबडा हिशेब होता. डॉक्टरीणबाईंनी सर्दीच्या गोळ्या बंद करायला लावल्या. डबीतल्या थोड्याथोड्या कमी करत न्यायच्या ठरल्या. रोज सकाळी ठरल्या वेळी उठायचं, झोप झालेली असो वा नसो. उठलं की उजेडात फिरून यायचं. दुपारनंतर चहा नाही, दुपारची डुलकीही नाही. झोप आली तरच पलंगावर जायचं, आणि नाही लागली तर कूस बदलत न बसता उठून खुर्चीत बसायचं, काहीतरी कंटाळवाणं वाचायचं. "आधी वाईट होईल, मग बरं," त्या म्हणाल्या.

वाईट झालं. ताई रात्ररात्र जागायला लागल्या. डोळ्यांखाली काळं आलं. आणि ज्या बाईने संसारात कधी आवाज चढवला नव्हता, ती चिडायला लागली. भांडं वाजलं म्हणून, दार लागलं म्हणून. धाकटी तिच्या घरी परत गेली होती. एका दुपारी मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले, "जरा धीर धर. मी आहे ना."

ताई गर्रकन वळल्या. "तुम्ही आहात! तुम्ही होतात की इतकी वर्षं. डबी आणून द्यायचात हातात. दर वेळी मला वाटायचं, आज विचारतील. विचारतील, अगं, इतक्या लवकर कशी संपली? एकदाही विचारलं नाहीत. दोन आणायला लागलात!"

ताईंनी मशीनवरच्या चादरीकडे बोट केलं.

"आणि त्या बाह्या. मला वाटलं, हात गेला माझा. आयुष्यभर जे एक येत होतं, तेही गेलं. मी दुपारभर रडत बसले होते, आणि तुम्ही तिकडे... दोन डाव्या हातांच्या बायका! हसले ना सगळे? छान हसले?"

"मी तुला बघितलं होतं," मास्तर म्हणाले. "दुकानाबाहेर. बघितलं होतं मी. पण मंडळी हसत होती. मी पुढचा सांगितला."

आपण वळून गेल्यावर पुढचाही विनोद झाला, हे ताईंना ठाऊक नव्हतं. त्या खुर्चीत बसल्या. मास्तरही बसले, जमिनीवर, मशीनच्या पायाशी. त्या रात्री ताईंना झोप लागली असती तर गोष्ट गोड झाली असती. नाही लागली.

पण दिवस जात राहिले. मास्तर रोज सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला जायचे, दोन पावलं मागे, न बोलता. न बोलणं त्यांना जड जायचं. तेवढं त्यांनी शिकून घेतलं. संध्याकाळी घरातले मोठे दिवे लवकर घालवायचे. टीव्ही त्यांनी स्वतःच्या खोलीत नेला आणि मग तोही लावेनासे झाले. डबीतली गोळी आधी एकावर आली, मग अर्धीवर, मग एकाआड एक रात्र, मग एके दिवशी ताईंनी उरलेली डबी डॉक्टरीणबाईंना देऊन टाकली. झोप आली, पण दबकत आली. चार रात्री बऱ्या, एक वाईट. वाईट रात्रीच्या सकाळी ताई स्वतःच सांगायच्या, "काल नाही लागली." मास्तर माफी मागायला तोंड उघडायचे आणि ताई हात वर करून थांबवायच्या.

मास्तरांना पुन्हा शिकवायची परवानगी मिळाली. पहिल्यांदा ते त्या कॉलेजच्या मुलीच्या घरी गेले. तिच्या वडलांसमोर म्हणाले, "त्या दिवशी मी परीक्षा घेत नव्हतो. मला झोप लागली होती. तुझ्यामुळे दोघं वाचलो." मुलगी म्हणाली, "मला माहीत होतं, सर." ती आता दुसरीकडे शिकली होती.

रेशमाच्या बाईकडे जायचं धाडस त्यांनी दोनदा केलं आणि दोन्ही वेळा कोपऱ्यावरून परत फिरले. तिथे ताईंनाच जाऊ द्यावं की आपण जावं, हे त्यांना अजून ठरवता आलेलं नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा मनगट ताठ झालेलं होतं. व्यायामाने पुष्कळ सुटलं, सगळं नाही. एका सकाळी मास्तर बाहेरून आले तर मशीनवरची चादर घडी घालून बाजूला ठेवलेली, टेबलावर साधं सुती कापड पसरलेलं. शेजारणीच्या नातीचा फ्रॉक. ताईंनी खडूच्या रेघा ओढल्या होत्या, दोनदा पुसून पुन्हा ओढलेल्या दिसत होत्या.

मास्तर दारातच उभे राहिले. मग म्हणाले, "एक विचारू?"

"विचारा."

"आता मी घोरत नाही. श्वासही थांबत नाही. परत इकडच्या खोलीत येशील?"

ताईंनी कात्री उचलली, बोटं आत घातली, मनगट थोडं फिरवून बघितलं. "नको," त्या म्हणाल्या. "मला तिथे बरं वाटतं. खिडकी आहे." मास्तरांचा चेहरा बघून त्या जरा थांबल्या. "रागाने नाही म्हणत."

"मला माफ केलंस का?"

"ते मला अजून कळत नाही," ताई म्हणाल्या. "कळलं की सांगेन. तोवर इथे या, ही कड ताणून धरा. कापताना उजवं मनगट डाव्या हाताने सावरावं लागतं, कड धरायला हात उरत नाही. ओढू नका. नुसतं धरा."

मास्तर आले. दोन्ही हातांनी कापडाची कड धरून उभे राहिले. कात्री पूर्वीसारखी सरसर चालली नाही. अडत, थांबत, पण रेघेवरून चालली. मास्तरांच्या ओठांवर एक विनोद आला होता. तो त्यांनी गिळला आणि कड धरून ठेवली.